चौऱ्याण्णव दिवसांची गैरहजेरी

भिंगारमध्ये सत्कार करून घ्यायला विशेष काही करावं लागत नाही. कोणाची बदली झाली, कोणाचा मुलगा मॅट्रिक झाला, कोणाच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी सुटली, तरी शाल आणि नारळ घेऊन चार माणसं दारात उभी राहतात. आमच्या सद्भाव धर्मार्थ दवाखान्याच्या कपाटातलं टिंक्चर आयोडिन महिन्यातून दोनदा संपायचं, पण शाल संपलेली मी कधी पाहिली नाही. मी तिथला कंपाउंडर, रंगनाथ. मिक्श्चर ढवळायचं, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, केसपेपर लिहायचे आणि नोकरांच्या हजेरीचं मस्टर ठेवायचं, ही माझी कामं. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात. त्या अक्षरानं काय काय केलं, ते पुढे येईलच.

अशा या सत्कारप्रेमी गावात मुबारकबींचा मात्र बारा वर्षांत एकदाही सत्कार झाला नव्हता. मुबारकबी आमच्या दवाखान्याच्या नर्स. उंच, काटकुळ्या, पांढरं पातळ, पायात टायरच्या चपला. त्या चपलांचा आवाज बोळात ऐकू आला की अडलेल्या बाईच्या जिवात जीव यायचा आणि तिच्या नवऱ्याच्या जिवातला जायचा, कारण मुबारकबी पहिल्यांदा नवऱ्यालाच झापायच्या. सुईणपणाचं रीतसर शिक्षण त्यांनी नगरच्या एका हॉस्पिटलात घेतलं होतं, तेही पुस्तकं वाचून नव्हे, हातानं करून. बाजारातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. बाळंतिणीला त्या एकच गोष्ट सांगत. "कळ आली की माझा हात धर, गेली की सोड. हात माझा हाय, मोडला तरी चालंल." त्यांच्या उजव्या हाताची करंगळी जरा वाकडी होती. ती कोणाच्या बाळंतपणात वाकली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

एवढं असून त्या नोकरीत हंगामी होत्या. दवाखान्याच्या घटनेत लिहिलेलं होतं, बारा वर्षं सलग नोकरी झाली की माणूस कायम. तोवर दर सहा महिन्यांनी अर्ज घेऊन अध्यक्षांच्या ओट्याशी उभं राहायचं. अध्यक्ष म्हणजे आप्पासाहेब. लष्कराला भाजीपाला पुरवून मोठे झालेले गृहस्थ. ते अर्ज वाचायचे, चष्मा पुसायचे, पुन्हा वाचायचे आणि मग फार मोठा त्याग केल्यासारखी सही करायचे. मुबारकबींचे ते तेवीस अर्ज मीच लिहून दिले होते. एक जून एकोणीसशे बहात्तरला त्यांची बारा वर्षं भरणार होती. कायम झालं की दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या राहायला मिळणार होत्या, नळासकट. नवरा चांदभाई लष्कराच्या कपड्यांची शिलाई करायचा, तो वारल्यावर मुबारकबी बोळातल्या एका खोलीत राहत होत्या आणि मालक दर दिवाळीला खोली खाली करा म्हणून सांगून जायचा. त्या दोन खोल्यांच्या खिडक्यांना कुठला पडदा लावायचा, हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मला दोनदा दाखवला होता तो कापडाचा तुकडा. हिरवा, पांढऱ्या ठिपक्यांचा.

मग एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली, जिंकली आणि भिंगार जरा जास्तच जिंकलं. छावणी शेजारी असल्यामुळे आम्हाला वाटायचं की निम्मी लढाई आपणच लढलो. काचांना लावलेले काळे कागद काढायच्या आत आप्पासाहेबांनी मदत समिती काढली. नव्या देशाला सगळं हिंदुस्थान मदत करत होतं. कोणी घोंगड्या पाठवत होतं, कोणी तांदूळ. आप्पासाहेबांना घोंगड्या पसंत पडल्या नाहीत, कारण घोंगडीचा फोटो चांगला येत नाही. तेवढ्यात कळलं की मुंबईची एक संस्था तिकडे दवाखाने चालवायला डॉक्टर नेते आहे आणि शिकलेल्या नर्सा तीन महिने विनावेतन येतील तर हव्या आहेत. आप्पासाहेबांचे डोळे चमकले. नगर जिल्ह्यातून कोणी परदेशी सेवेला गेलं नव्हतं, निदान आप्पासाहेबांच्या माहितीत तरी नव्हतं.

समितीची सभा दवाखान्यातच भरली. केसपेपरच्या टेबलावर चहा मांडला. नर्स एकच होती, तेव्हा निवडीचा प्रश्न नव्हता. पण आप्पासाहेबांना निवडल्याचं श्रेय हवं होतं, म्हणून त्यांनी कारण शोधून काढलं. तिकडची जनता मुसलमान, मुसलमानांची भाषा उर्दू, आपल्या नर्सबाई मुसलमान, म्हणजे त्या तिथे नुसती सेवा करणार नाहीत, तर तिकडच्या भगिनींशी त्यांच्या हृदयाच्या भाषेत बोलतील. सभेनं टाळ्या वाजवल्या. भूगोल शिकवणारे राधाकृष्ण मास्तर तेवढे उठून म्हणाले की तिकडे बंगाली बोलतात, आणि एवढं भांडण पेटलं त्यात उर्दूचा मोठा हात होता. आप्पासाहेबांनी त्यांना विचारलं, मास्तर, तुम्ही तिकडे कधी गेला होता का? मास्तर पुण्याच्या पलीकडे गेलेले नव्हते. ते खाली बसले. मीही मान हलवली. कोणाच्या बाजूनं, ते सभेत कोणी बघत नाही, एवढं मला अनुभवानं माहीत होतं.

मुबारकबींना बोलावून सांगण्यात आलं. त्यांनी पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या की आम्ही घरात बोलतो ती काही पुस्तकातली उर्दू नव्हे, नगरची आहे, निम्मी मराठी. आप्पासाहेब म्हणाले, चालेल. मग मुबारकबींनी त्यांच्या जिवाचा प्रश्न विचारला. जूनमध्ये बारा वर्षं भरतात, हे तीन महिने धरणार ना? आप्पासाहेबांनी छातीवर हात ठेवला. दवाखानाच तुम्हाला पाठवतो आहे, मग तुम्ही दवाखान्याच्याच कामावर. याल तेव्हा कायमचा कागद तयार असेल.

"तेवढं लिहून द्या," मुबारकबी म्हणाल्या.

आप्पासाहेबांच्या चेहऱ्यावर असं दुःख पसरलं की मलाच मुबारकबींचा राग आला. ज्या माणसाच्या शब्दावर छावणीतले साहेब लोक बटाटे घेतात, त्याच्याकडे एक नर्स कागद मागते. मुबारकबींनी सगळ्यांची तोंडं पाहिली आणि म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या. त्यांना जायचं होतं, हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. समितीनं पाठवलं म्हणून नव्हे. तिकडच्या बायकांचे जे हाल झाले ते वर्तमानपत्रात आले होते, मीच त्यांना वाचून दाखवले होते आणि दोन दिवस त्या जेवल्या नव्हत्या. दवाखान्यानं नाही म्हटलं असतं तरी बहुधा त्या गेल्या असत्या.

निरोपाचा समारंभ झकास झाला. तीन भाषणं, शाल, नारळ, शिवाय छगन फोटोवाल्यानं फोटो काढला. त्यात आप्पासाहेब मधोमध आहेत, हार त्यांच्या गळ्यात आहे आणि मुबारकबी कडेला अर्ध्या आल्या आहेत. हार आधी नर्सबाईंनाच घातला होता, पण फोटोच्या वेळी तो कसा फिरला, कळलं नाही. समारंभानंतर याद्या सुरू झाल्या. परदेश म्हणजे वस्तू, हे भिंगारला पक्कं ठाऊक होतं. आप्पासाहेबांच्या घरून ढाक्याची मलमल सांगितली. छगननं कॅमेऱ्याची काच सांगितली. कोणी घड्याळ, कोणी नायलॉन, कोणी ट्रान्झिस्टर. ज्या देशात लोकांना भात मिळत नव्हता, तिथून आमचं गाव ट्रान्झिस्टर मागवत होतं. मी हसू नये, कारण मी पेन मागितला. फॉरेनचा, झाकणाला सोनेरी क्लिप असलेला. मुबारकबींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एक फेब्रुवारीला, मंगळवारी, पत्र्याची पेटी घेऊन मनमाडच्या गाडीत बसल्या.

त्याच दिवशी मी मस्टर उघडून आप्पासाहेबांकडे गेलो आणि नर्सबाईंच्या नावापुढे काय लिहू, विचारलं. मला वाटलं होतं, ते 'सेवेवर' किंवा तसलं काहीतरी सांगतील. ते पान चावत म्हणाले, "जी दवाखान्यात नाही ती गैरहजर. यात विचारायचं काय?"

मी म्हटलं, आपण सभेत शब्द दिला होता. ते म्हणाले, शब्द सभेत दिला, मस्टर ऑफिसात असतं. आणि मग खरं कारणही बाहेर आलं. मागच्या दोन खोल्यांत त्यांनी बटाट्यांची पोती ठेवायला सुरुवात केली होती आणि छावणीच्या इतक्या जवळ एवढी चांगली जागा दुसरी नव्हती. नर्स कायम झाली की पोती काढावी लागणार. तेव्हा मी 'गै' लिहिलं. दुसऱ्या दिवशी 'गै' लिहिलं. पहिल्या रविवारी लिहिलं नाही, कारण रविवारी दवाखाना बंद असतो आणि सगळेच घरी असतात. आप्पासाहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, रविवारीही लिहा, सलग दिसलं पाहिजे. मी रविवारीही लिहिलं. मी नाही म्हणू शकलो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. आणि दर वेळी लग्न नुकतंच झालं होतं, नोकरी दुसरी कुठे होती, अशी उत्तरं दिली आहेत. ती सगळी उत्तरं खरी आहेत आणि त्यांतलं एकही उपयोगाचं नाही.

मार्चमध्ये मुबारकबींचं पत्र आलं. कोणाकडून तरी हिंदीत लिहून घेतलेलं. पत्ता माझा होता. जेसोरच्या पुढे एका शाळेत दवाखाना आहे, अर्ध्या शाळेला छप्पर नाही, माणसं फार भली आहेत, पण उर्दू इथं चालत नाही, आप्पासाहेबांना सांगा. आणि खाली, माझी हजेरी नीट लावता ना. मी ते पत्र आप्पासाहेबांना वाचून दाखवलं, शेवटची ओळ सोडून. ते म्हणाले, नर्सबाई घाबरल्या असतील, होतं असं परदेशात. आठवड्यानं आमच्याकडच्या एका साप्ताहिकात चौकट आली: भिंगारच्या परिचारिकेच्या उर्दूने बांगला भगिनी भारावल्या. बातमी आप्पासाहेबांनी सांगितली होती. लिहिली मी होती.

तिकडे खरं काय झालं, ते मुबारकबींनी मला नंतर सांगितलं. एकदाच आणि उभ्या उभ्या, सिरिंज उकळता उकळता.

पहिल्याच दिवशी एक पोर आणली होती. सतरा-अठरा वर्षांची, दिवस भरत आलेले. ते कोणाचे, ते विचारायची तिथे रीत नव्हती. लढाई हरलेल्या लष्करानं तिला आठ महिने त्यांच्या छावणीत कोंडून ठेवलं होतं. मुबारकबी तिच्याजवळ बसल्या, केसांवरून हात फिरवला आणि समितीनं पाठवलेल्या त्या हृदयाच्या भाषेत म्हणाल्या, घबराओ मत, बेटी. पोरीनं एक आवाज काढला आणि पोटासकट सरपटत खाटेखाली गेली. तिला तिथून काढायला दोन तास लागले. त्या आठ महिन्यांत जे जे तिच्याशी बोलले होते, ते सगळे याच भाषेत बोलले होते. बाकीच्या बायकांनी तोंडं भिंतीकडे केली. एक म्हातारी मुबारकबींच्या अंगावर थुंकली. ढाक्याहून आलेली डॉक्टरीण समजूतदार होती. तिनं मुबारकबींना बाहेर नेलं आणि हात जोडून सांगितलं, तुम्ही काम करा, पण तोंड उघडू नका.

बारा वर्षं ज्यांच्या तोंडाला अख्खं भिंगार घाबरत होतं, त्या मुबारकबी चार दिवस मुक्या राहिल्या. पट्ट्या बदलल्या, भांडी धुतली, पू काढला. पाचव्या दिवशी भर दुपारी त्याच पोरीला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं, डॉक्टरीण दुसऱ्या गावाला गेली होती. घाईत माणसाच्या तोंडून जे यायचं तेच येतं. मुबारकबींच्या तोंडून नगर आलं. कळ आली की माझा हात धर, गेली की सोड. हात माझा हाय, मोडला तरी चालंल. पोरीला त्यातलं अक्षर कळलं नसेल. पण ही त्या लोकांची भाषा नव्हे, एवढं कळलं. तिनं हात धरला आणि तीन तास सोडला नाही. मूल जगलं नाही, पोर जगली. त्यानंतर मुबारकबी तिथे उरलेले अडीच महिने खणखणीत मराठीत बोलल्या. बायका त्यांना बंगालीत उत्तर द्यायच्या आणि दोघींचं कुठे अडलं नाही. नवरे झापायचं कामही त्यांनी तिथे पुन्हा सुरू केलं, मराठीतच.

पाच मेला त्या कामावर हजर झाल्या. येताना मलमल नाही, ट्रान्झिस्टर नाही, घड्याळ नाही. पेटीत जाताना होते तेच कपडे, तेही दोन कमी. कोणीतरी म्हणालं की हा परदेश खरा परदेश नव्हेच, आणि सगळ्यांना ते पटलं.

तरी सत्कार ठरलेला होता, तो चुकणार नव्हता. आप्पासाहेबांनी मुबारकबींना आदल्या दिवशी बोलावून बजावलं की दोन शब्द बोलायचे आणि ते उर्दूत. तिकडे आपली उर्दू कशी कामी आली ते सांगा, एखादा शेर म्हणा, लोकांना गंमत वाटेल. साप्ताहिकाचा माणूस येणार आहे. आणि मग मी तुम्हाला पाकीट देईन. त्यांनी ते पाकीट खिशातून अर्धं वर काढून दाखवलंसुद्धा. जाड, पांढरं, शिक्का मारलेलं. मुबारकबींनी पाकिटाकडे पाहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "एक शेर म्हनला की दोन खोल्या. सस्तंच हाय की."

मला त्या वेळी बोलता आलं असतं. त्या पाकिटात काय होतं ते मला माहीत होतं.

दवाखान्यासमोर मांडव घातला होता. आप्पासाहेब वीस मिनिटं बोलले, त्यांतली अठरा स्वतःच्या दूरदृष्टीवर. मग शाल, नारळ आणि मुबारकबी माइकसमोर. पुढच्या रांगेत समिती बसली होती, मागे बायका. मुबारकबींची नजर दवाखान्याच्या मागच्या बाजूला गेली, तिथून बटाट्यांचा वास येत होता. मग त्या बोलल्या, मराठीत.

"आप्पासायब म्हनत्यात उर्दूत बोला. तिकडं मी उर्दूत बोलले तर एक पोर खाटंखाली शिरली. तिला ज्यांनी छळलं त्यांची ती बोली. मला ठावं नव्हतं, तुमाला बी ठावं नव्हतं. राधाकृष्ण मास्तरांना ठावं हुतं, त्यांना तुमी बशिवलं. मग मी मराठी बोलले. एवढंच झालं."

आणि त्या खाली बसल्या. मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता काही खरं नाही. पण भिंगारची कमाल वेगळीच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी त्या सगळ्यातलं एकच ऐकलं होतं: परदेशात मराठी चालली. मागून कोणीतरी मराठी भाषेचा जयजयकार केला. राधाकृष्ण मास्तरांचे डोळे भरून आले. खाटेखालची पोर कोणाच्या कानापर्यंत पोचलीच नाही. आप्पासाहेब तर असे उठले की जणू हे भाषण त्यांनीच पाठ करून दिलं होतं. ते म्हणाले, म्हणूनच मी मराठी मुलुखातली लेक पाठवली. साप्ताहिकाच्या माणसानं ते लिहून घेतलं. मग आप्पासाहेबांनी खिशातून पाकीट काढून मुबारकबींच्या हातात दिलं आणि छगनकडे बघून हसले.

मुबारकबींनी ते घरी जाऊन उघडलं. आत कागद जाड होता, कडेला वेलबुट्टी होती आणि मजकूर सुरेख होता. सेवेची मूर्तिमंत प्रतिमा वगैरे. मानपत्र. त्या उर्दूत बोलल्या असत्या, शेर म्हटला असता, गाणं म्हटलं असतं, तरी पाकिटात मानपत्रच होतं. ते मी आठ दिवस आधी लिहिलं होतं, काळ्या शाईत, सावकाश.

दुसऱ्या दिवशी त्या आप्पासाहेबांकडे गेल्या. कायमचा कागद? आप्पासाहेबांनी हळहळ व्यक्त केली. घटना फार कडक आहे, सलग बारा वर्षं म्हणते, आणि मस्टर तर चौऱ्याण्णव दिवस गैरहजर दाखवतं. माझ्या हातात असतं तर. पण बिघडलं काय, पाच मेपासून नव्यानं मोजू, बारा वर्षं काय बघता बघता जातात. मुबारकबींनी मस्टर बघायला मागितलं.

ते माझ्याच टेबलावर होतं. त्यांनी पानं उलटली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मेचे चार दिवस. 'गै'च्या सरळ रांगा, एकही खाडाखोड नाही, रविवारसुद्धा भरलेले. त्यांना वाचायला फार येत नव्हतं, पण स्वतःच्या नावापुढे 'ह' आहे की 'गै', एवढं येत होतं. बारा वर्षं त्या रोज ते बघून घरी जायच्या. मला वाटलं, त्या आता नवऱ्यांना झापतात तसं मला झापतील. मला ते हवं होतं.

"अक्षर लई चांगलं हाय तुमचं, रंगनाथभाऊ," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. पेन होता. निळा, जुना, झाकणाची सोनेरी क्लिप जरा उडालेली. निघताना ढाक्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःचा पेन त्यांना आठवण म्हणून दिला होता. "तुमी मागितला हुता," त्या म्हणाल्या आणि चपला वाजवत निघून गेल्या. नव्यानं मोजायला त्या परत आल्या नाहीत.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. पुढच्या वर्षभरात सगळा जिल्हा खडी फोडायला रस्त्यावर बसला आणि पोटुशा बायकाही त्यात होत्या. मुबारकबी पिशवी घेऊन त्या कामांवर हिंडायच्या. भर उन्हात, खडीच्या ढिगाआड दोन लुगडी आडवी धरून त्यांनी किती बाळंतपणं केली, कोणी लिहून ठेवलं नाही. कोणी भाकरी द्यायचं, कोणी काही नाही. इकडे आमच्या दवाखान्यात आप्पासाहेबांनी भाचीला नर्स नेमलं. तिला रक्त बघून चक्कर यायची. बाळंतपणाच्या टेबलावर आम्ही शाली ठेवू लागलो.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत माझी बायको मालन अडली. सकाळपासून कळा येत होत्या. मी दवाखान्यात चल म्हटलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी टोपी घातली आणि मुबारकबींच्या बोळाकडे निघालो. वाटेत काय बोलायचं ते तीनदा जुळवलं. त्यांनी दार उघडलं. खिडकीला तो हिरवा पडदा होता, पांढऱ्या ठिपक्यांचा, त्या एवढ्याशा खिडकीला लांब होत असलेला. जुळवलेलं सगळं मी विसरलो. त्यांनी विचारलं, किती वेळ झाला? मी सांगितलं. त्यांनी पिशवी उचलली आणि आधी उशीर केल्याबद्दल मला झापलं. भर बोळात, चार माणसांदेखत. इतकं बरं मला वर्षभरात वाटलं नव्हतं.

मी दाराबाहेर उभा होतो. आतून ऐकू आलं, कळ आली की माझा हात धर, गेली की सोड. दुपारी तीनला मुलगी झाली.

पाचवीच्या दिवशी सुईणीचा मान असतो. मालननं निरोप पाठवून त्यांना बोलावलं. संध्याकाळी त्या पुढच्या दारानं आल्या, पाटावर बसल्या, खण-नारळ घेतला. बाळाच्या उशाशी पूजा मांडली होती. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून तिथे कोरा कागद आणि पेन ठेवायची आमच्याकडे रीत आहे. घरात पेन एकच होता. मुबारकबींनी तो ओळखला. उचलून झाकण उघडलं, नीब बघितलं, आत शाई आहे ना ते बघितलं आणि पुन्हा कागदावर ठेवला.

"सटवाई काय लिवायचं ते लिवंल," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमी एवढंच लिवा, मी आले हुते म्हनून."

सकाळी कागद कोराच होता. मी त्यावर एक फेब्रुवारी बहात्तर ही तारीख घातली, मुबारकबींचं पूर्ण नाव लिहिलं आणि त्यापुढे 'ह' काढला. दुसऱ्या ओळीत दोन फेब्रुवारी. चार मेपर्यंत आलो तेव्हा मुलगी दोनदा रडून झोपली होती. रविवारही सोडले नाहीत. त्या कागदाला शिक्का नाही, अध्यक्षांची सही नाही, आणि मागच्या दोन खोल्यांत आजही बटाटेच आहेत.